टाकीतला दुसरा रस्ता

रात्री ८

पाळी बदलते. दुपारच्या पाळीतला सहकारी उठण्याआधी सगळं सांगून जातो. न्यूयॉर्कसाठी कोणतं विमान दिलंय, लंडनच्या विमानाची कुठली किरकोळ दुरुस्ती बाकी आहे, कुठल्या देशाची वरून जाण्याची परवानगी अजून हातात पडलेली नाही. डिसेंबर २०२५ ची रात्र आहे. माझ्या टेबलावर आज मुंबईहून निघणारी दोन लांबची विमानं आहेत, पहाटे दोनचं न्यूयॉर्क आणि सव्वापाचचं लंडन.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून उडेल, किती इंधन घेईल आणि अडचण आलीच तर कुठे उतरेल, हे जमिनीवर बसून आम्ही ठरवतो. त्या कागदावर आधी माझी सही होते, मग कॅप्टनची. प्रवाशाला समोरच्या पडद्यावर जी रेघ दिसते, ती रेल्वेच्या रुळासारखी कायमची टाकलेली असते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ती रोज रात्री नव्याने आखावी लागते, आणि कालची रेघ आज सहसा चालत नाही.

पहिला तास नोटॅम वाचण्यात जातो. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना. कुठे धावपट्टी रात्री बंद आहे, कुठे क्रेन उभी आहे, कुठे क्षेपणास्त्राची चाचणी आहे म्हणून समुद्राचा तुकडा मोकळा ठेवायचाय. शेकडो ओळी, सगळ्या मोठ्या अक्षरांत, सगळ्या संक्षेपांत. त्यांतल्या बहुतेक आपल्या कामाच्या नसतात, पण कामाची एक ओळ नजरेतून सुटून चालत नाही. म्हणून मी त्या कागदावर छापून, पेनाने खुणा करत वाचते.

त्यातली एक सूचना आता तोंडपाठ झाली आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपलं आभाळ भारतीय विमानांना बंद केलं आणि ३० एप्रिलला भारताने त्यांच्या विमानांना. तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही बाजूंनी नवी नोटॅम निघते आणि मुदत महिनाभर पुढे सरकते. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्येही असंच झालं होतं, पण तेव्हा फेब्रुवारीअखेर बंद झालेली वाट जुलैच्या मध्याला खुली झाली. या वेळी तसं झालेलं नाही.

कराची हे नाव त्या सूचनेत वाचताना मन उदास होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. आपल्या देशातल्या विमानसेवेचा जन्म त्या वाटेवर झाला. आज ती वाट माझ्या संगणकात लाल रंगाने रंगवलेली आहे.

रात्री साडेनऊ

हाताखाली एक नवा मुलगा शिकायला आला आहे. हुशार आहे, गणित पक्कं आहे. त्याला पहिल्या दिवशी मी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढायला सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं. शिवणाचा दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणायचा.

सपाट नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला, थोडं वर दिसतं. अरबस्तान, भूमध्य समुद्र, स्पेन, मग अटलांटिक. पण ताणलेला दोरा तिथून जात नाही. तो मुंबईहून वायव्येला उठतो, सिंध ओलांडतो, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड आणि नॉर्वे. ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम खालपर्यंत तो चढतो. तिथून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. गोलावरची सगळ्यांत आखूड वाट ती हीच, सपाट कागदावर मात्र ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते.

"मॅडम, मग आपण या दोऱ्यावरून कधीच जात नाही?" मुलाने विचारलं.

"बोट ठेवून बघ," मी म्हटलं.

त्याने बोट ठेवलं. सिंध बंद. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ पासून वरच्या आभाळात नियंत्रकच नाहीत, विमानंच एकमेकांना रेडिओवर आपली जागा सांगत जातात. पुढे रशिया. २०२२ च्या युद्धानंतर युरोपीय, ब्रिटिश, अमेरिकी आणि कॅनडाच्या विमानांना रशियाचं आभाळ बंद झालं, भारतीय विमानांना नाही. पण शेजारच्या युक्रेनवरचं सगळं आभाळ २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. ते विमान खुल्या असलेल्या वाटेवरून आणि परवानगी असलेल्या उंचीवरून चाललं होतं. माझ्या पिढीच्या प्रत्येक डिस्पॅचरला तो दिवस लक्षात आहे. वाट कागदावर खुली असली म्हणजे ती सुरक्षित असतेच असं नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

फिनलंडच्या विमान कंपनीचं उदाहरणही मी मुलाला देते. हेलसिंकीहून टोकियो हा त्यांचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास होता, सायबेरियावरून. रशिया बंद झाल्यावर तो तेरा तासांच्या घरात गेला, आणि काही विमानं तर थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली.

रात्री साडेदहा

वारा आला. म्हणजे दुपारी बारा झेडच्या (झेड म्हणजे ग्रिनिचची वेळ), आपल्या संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर बेतलेला नवा अंदाज आला. जगभरच्या विमानांसाठी वरच्या वाऱ्यांचा अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन इथली दोन केंद्रं दिवसातून चार वेळा काढतात. हा हातात येईपर्यंत मी जी आखणी करते ती कच्ची, पक्की याच्यानंतर.

हिवाळ्यात गंगेच्या मैदानापासून अरबस्तानापर्यंत २५ ते ३० अंश उत्तरेच्या पट्ट्यात एक जोरदार वारा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. जेट स्ट्रीम. बारा किलोमीटरच्या आसपास उंचीवर तो शंभर नॉटच्या पुढे सहज जातो, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरहून जास्त. आम्हाला जायचं असतं बरोबर उलट दिशेला.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीने त्यांचा माग काढायचे. १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला, जगभरच्या शास्त्रज्ञांना तो वाचता यावा म्हणून. जगाने तो वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर त्याच वाऱ्यात अडकली तेव्हा कुठे सगळ्यांना त्याची जाणीव झाली. ओइशींचं नाव वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असायला हवं, असं माझं मत आहे.

वारा आडवा आला की आखूड वाट लांबची होते. नदीत प्रवाहाविरुद्ध होडी नेणारा जसा काठ धरून चालतो, तसं आम्ही जेटची कड धरतो. एअर इंडियाने २०१६ साली दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, तेव्हा वाट सुमारे १४०० किलोमीटरने वाढली आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला. वारा पाठीशी होता. आम्ही किलोमीटर मोजत नाही, मिनिटं मोजतो.

आज मुंबईहून निघून अरबी समुद्र पार करेपर्यंत आम्ही जेटच्या दक्षिणेला राहू. मुंबईचं आभाळ आणि मस्कतचं आभाळ यांच्या सीमेवर, भर समुद्रात, रास्की नावाचा बिंदू आहे. तिथे काहीही नाही, खाली फक्त पाणी. पण विमानांच्या दुनियेत तो नाका आहे. असे पाच अक्षरी बिंदू एकामागून एक ओवत वाट तयार होते. रास्कीनंतर ओमान, अमिराती, आखाताच्या पश्चिम अंगाने बहारीन आणि कुवेत, मग इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र, रुमानिया. तिथून जर्मनीवरून उत्तर समुद्र, स्कॉटलंड, आणि पुढे अटलांटिक. सोळा तास दहा मिनिटं.

रात्री साडेअकरा

अटलांटिक हा माझ्या आवडीचा भाग आहे. उत्तर अटलांटिकवर रडार नाही, कारण समुद्रात रडार उभं कुठे करणार? म्हणून रोज दोनदा त्या दिवशीचा वारा बघून समांतर रस्ते आखले जातात आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली जातात. पश्चिमेला जाणाऱ्यांचे रस्ते 'ए'पासून सुरू होतात, पूर्वेला जाणाऱ्यांचे 'झेड'ला संपतात. हे काम कॅनडातलं गँडर आणि ब्रिटिश-आयरिश शॅनविक अशी दोन केंद्रं करतात. शॅनविक हे नाव शॅनन आणि प्रेस्टविक या दोन गावांची नावं जोडून झालं आहे. २०१९ पासून उपग्रहांवरूनही विमानाची जागा कळते, त्यामुळे दोन विमानांमधलं अंतर पूर्वीपेक्षा कमी ठेवता येतं. तरी रस्ते अजून रोज आखले जातात.

अमेरिकेहून युरोपला जाणारी विमानं संध्याकाळी निघतात आणि सकाळी पोचतात. त्यांचा लोंढा मध्य अटलांटिकवरून साधारण एक ते आठ झेडच्या दरम्यान जातो, पाठीशी जेट घेऊन. माझं विमान तिथे पोचेल पावणेआठ झेडला, समोरून येणाऱ्या लोंढ्याच्या अगदी शेवटाला. त्यांना जो वारा हवा आहे तो मला नको आहे. म्हणून मी त्यांच्या उत्तरेकडून, आइसलंडच्या दक्षिणेने, ग्रीनलंडच्या टोकाजवळून जाते. हा रस्ता आज योगायोगाने त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळ येतो.

आता महत्त्वाचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेवर सतत असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती. १९८५ साली बोइंग ७६७ ला बॉस्टनहून पॅरिसला जाण्यासाठी १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि अटलांटिक दोन इंजिनांना खुला झाला. आजच्या विमानांना तीन तास आणि त्याहूनही पुढची परवानगी असते. म्हणून नकाशावर मी वर्तुळं काढते, शॅनन, केफ्लाविक, गँडर आणि गूज बे यांच्याभोवती. विमानाची रेघ एका वर्तुळातून निघाली की दुसऱ्यात असायलाच हवी. आणि नुसता विमानतळ असून भागत नाही. विमान तिथे पोचेल त्या वेळी तिथलं हवामान उतरण्याजोगं असेल का, धावपट्टी उघडी असेल का, हेही बघायचं. आज गूज बेला बर्फ पडणार असा अंदाज आहे. मी ते खोडलं आणि गँडर धरलं.

गँडर धरताना दरवेळी थोडा धीर येतो. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आभाळ अचानक बंद झालं तेव्हा अटलांटिकवरची ३८ मोठी विमानं त्या छोट्या गावात उतरली. साडेसहा हजारांवर माणसं, आणि गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. गावकऱ्यांनी शाळा उघडल्या, घरं उघडली, जेवायला घातलं.

रात्री पाऊण

कॅप्टनचा फोन. हे मूळचे कोल्हापूरचे, मराठीत बोलतात.

"बोला मॅडम, काय म्हणतंय आज?"

"सर, सोळा दहा. अरबस्तानावर नव्वद-शंभर नॉट समोरून. तुर्कस्तानच्या डोंगरांवर शिअर जास्त दाखवतंय, तिथे जेवण वाढणं थोडं पुढे ढकललंत तर बरं."

प्रत्येक बिंदूपुढे शिअरचा एक आकडा छापलेला असतो. वाऱ्याचा वेग थोड्याच उंचीत किती बदलतो हे तो सांगतो, आणि आकडा मोठा असला की हादरे बसायची शक्यता वाढते. ढग दिसतो, हे दिसत नाही. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला म्यानमारवर असा जबर हादरा बसला की एक प्रवासी दगावला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. प्रवाशांना एरवी पट्टा बांधायला सांगतात ते उगाच नाही.

मग इंधन. माझ्या कागदावर ते असं मांडलेलं असतं: प्रवासाला ११७.४ टन, वाटेतल्या कमीजास्तीसाठी ३.५, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर बॉस्टन गाठायला ४.१, शेवटचा राखीव अर्धा तास ३.२, धावपट्टीपर्यंत जायला ०.६. एकूण १२८.८. पूर्ण भरलेलं हे विमान साडेतीनशे टनांच्या आसपास जातं, म्हणजे उडणाऱ्या वजनातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग इंधनच असतो.

"न्यूयॉर्कला सकाळी बर्फ आहे ना?" कॅप्टननी विचारलं. "दोन टन वाढवू या."

मी हो म्हटलं. हा हक्क कॅप्टनचा आहे आणि त्यांचं कारण पटणारं होतं. पण जास्तीचं इंधन स्वतःचं वजनही वाहतं. ढोबळमानाने, सोळा तासांनंतर एक टन शिल्लक हवं असेल तर मुंबईत दीड टन भरावं लागतं, उरलेलं वाटेतच जळतं. म्हणून डोळे मिटून टाकी भरणं हा शहाणपणा नाही. किती टन भरलं यापेक्षा ते कशासाठी भरलं, हे आमच्या धंद्यात विचारलं जातं. प्रत्येक टनामागे एक जागा असते, एक शक्यता असते. बॉस्टनचे ४.१ टन म्हणजे बॉस्टनचा रस्ता, तो विमान मुंबईपासून टाकीत घेऊन जातं.

पहाटे २ वाजून १० मिनिटं

उड्डाण. हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक वेळेत आला होता, विमान सुटलं. पडद्यावर हिरवा त्रिकोण समुद्राकडे सरकतो. मी नोंद करते आणि लंडनकडे वळते. न्यूयॉर्कचं विमान दुसऱ्या खिडकीत सतत समोर राहील.

पहाटे ३

मुंबई–लंडन. ८ जून १९४८ ला याच शहरातून मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन विमान लंडनला निघालं तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हा लागायचं. आज थेट, दहा तासांच्या आसपास. गोलावरची आखूड वाट सुमारे ७२०० किलोमीटरची, आम्ही त्याहून बरंच फिरून जातो.

दोन पर्याय आहेत. पहिला, इराक आणि तुर्कस्तानावरून. दुसरा, सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र, ग्रीसवरून. दुसरा लांब आहे आणि हिवाळ्यात जेटच्या ऐन तोंडात सापडतो, पाऊण तासाने महाग पडतो. संगणक पहिला निवडतो आणि मीही तोच घेते. पण माझं काम इथे संपत नाही. आखाताच्या पश्चिम बाजूला, बहारीनजवळ, मी एक बिंदू धरते आणि हिशेब मांडते: विमान इथपर्यंत आल्यावर पुढची वाट बंद झाली, तर इथून वळून सौदी–इजिप्तमार्गे जाता येईल का? लंडन नाही, तर निदान अथेन्स किंवा रोम? त्याला लागणारं इंधन आत्ताच टाकीत आहे का?

हा हिशेब मी १३ जून २०२५ पासून एकदाही चुकवलेला नाही. त्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. तास-दीड तासात इराण, इराक, जॉर्डन यांचं आभाळ बंद झालं. अहमदाबादच्या विमान अपघाताला अजून एक दिवसही उलटला नव्हता आणि आमच्या खोलीत सगळे आधीच खचलेले होते. भारतातून पश्चिमेला निघालेली कितीतरी विमानं त्या वेळी हवेत होती. काही दोन-तीन तास उडून परत फिरली, काही जेद्दा, शारजा, व्हिएन्ना, फ्रँकफर्टला वळली. दहाच दिवसांनी, २३ जूनच्या रात्री, कतारचं आभाळ बंद झालं आणि पुन्हा तेच. त्या दोन्ही वेळी ज्यांच्या टाकीत दुसरा रस्ता होता त्यांना निवड करता आली.

युद्धच लागतं असं नाही. गेल्या महिन्यात, २३ नोव्हेंबरला, इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. हजारो वर्षांत तो जागा झाला नव्हता. राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री थेट उत्तर भारतापर्यंत आली, ओइशींच्या त्याच वरच्या वाऱ्यांवरून. राखेत काचेसारखे कण असतात, ते इंजिनात वितळून चिकटतात. २४ जून १९८२ ला जावाजवळ एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती, खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली म्हणून सगळे वाचले. राखेवर नजर ठेवायला जगात नऊ केंद्रं आहेत, हायली गुब्बीच्या राखेचे नकाशे फ्रान्समधल्या तुलूझहून येत होते. सहा-सहा तासांनी नवा नकाशा आणि त्यावर नवी आखणी, असे दोन दिवस गेले.

पहाटे सव्वाचार

चहा. मुलगा मॅगादानबद्दल विचारतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाच्या मॅगादानला उतरलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी, गावात पुरेशी हॉटेलं नाहीत, भाषा येत नाही. दुसरं विमान जाऊन त्यांना पुढे नेईपर्यंत लोक वसतिगृहांत, शाळेत राहिले. बातम्यांमध्ये त्यांच्या हालांचीच चर्चा झाली, आणि हाल झाले हे खरंच होतं. पण मी मुलाला म्हटलं, तिथे मॅगादान होतं हे आधी बघ. सायबेरियात मोठ्या विमानाला पुरेल अशी धावपट्टी शेकडो किलोमीटर सापडत नाही.

मग त्याने ध्रुवाचा विषय काढला. सगळ्या नव्या मुलांना ध्रुवाचं आकर्षण असतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून, सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तास. माझ्यासारखीला त्या बातमीचा किती आनंद झाला असेल हे वेगळं सांगायला नको. पण तिथेही डिस्पॅचरचं लक्ष भलतीकडेच जातं. अमेरिकेत जे इंधन भरतात ते उणे ४० अंशांना गोठू लागतं, आपल्याकडचं उणे ४७ ला. ध्रुवाजवळच्या हवेत टाकीचं तापमान उतरत जातं, मग विमानाला थोडं खाली, थोड्या उबदार हवेत आणावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. शिवाय विषुववृत्तावर टांगलेले दळणवळणाचे उपग्रह तिथून दिसत नाहीत.

सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

लंडनचं विमान वेळेवर सुटलं आहे. न्यूयॉर्कच्या विमानाचा संदेश येतो: इराकवर असताना जीपीएस चुकीची जागा दाखवू लागलं आहे. इथे हे नवं नाही. २०२३ पासून या भागात खोटे सिग्नल सोडले जातात, आणि डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकानेही त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये याबाबत सूचना काढली. वैमानिकांना आधीच सांगितलेलं असतं. जीपीएसवर विसंबायचं नाही, विमानातली स्वतःची जडत्व-यंत्रणा आणि जमिनीवरचे रेडिओ-दिवे यांच्या आधाराने जायचं. घड्याळही जपायचं, कारण खोटा सिग्नल वेळही बिघडवतो. मी पाच मिनिटांनी त्यांची खरी जागा दुसऱ्या मार्गाने ताडून पाहते. रेघेवर आहेत. इंधन अंदाजापेक्षा ३०० किलो जास्त उरलंय, कारण वारा थोडा सौम्य निघाला.

तासाभराने तुर्कस्तानात शिरल्यावर जीपीएस पूर्ववत झाल्याचा संदेश येतो. हादरे बसले, पण सौम्य. जेवण पुढे ढकललं होतं.

सकाळी ८

सकाळची सहकारी आली. मी तिला दोन्ही विमानं सोपवते. न्यूयॉर्क काळ्या समुद्राकडे, लंडन मस्कतच्या पुढे. बहारीनजवळचा वळणबिंदू तिला दाखवते, गँडरचं ताजं हवामान काढून ठेवते, गूज बे का खोडलं ते सांगते. न्यूयॉर्कचा बर्फाचा अंदाज दुपारी पुन्हा बघ, बॉस्टनचाही, असं लिहून ठेवते. पाकिस्तानच्या सूचनेची मुदत कधी संपते ती तारीख फळ्यावर आहेच. त्या तारखेला दार उघडलं तर सगळ्यांत जास्त आनंद आम्हा डिस्पॅचरांना होईल. वारा आणि राख यांच्यापुढे इलाज नसतो. हे बंद आभाळ मात्र माणसांनी बंद केलं आहे आणि माणसांनाच ते उघडता येईल. दोन्ही सरकारांनी निदान प्रवासी विमानांपुरतं तरी ते उघडावं.

आणि प्रवाशांना एक सांगायचं आहे. तुमचं विमान कधी भलत्याच गावी उतरलं, तर दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर चिडू नका. ते गाव आदल्या रात्री कुणीतरी तिथलं हवामान बघून, धावपट्टी उघडी आहे याची खात्री करून, तिथवरचं इंधन टाकीत भरून तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.